बँकॉक कोरडं ठेवण्याची किंमत कोण देतं?

2011 च्या ऑक्टोबरअखेरची गोष्ट. बँकॉकच्या पूर्व अंगाला ख्लोंग साम वा नावाचा भाग आहे. तिथल्या कालव्यावर एक लोखंडी दार आहे, वर-खाली होणारं, आपल्याकडे कॅनॉलवर असतं तसंच. दाराच्या वरच्या अंगाला लोकांच्या घरांत पाणी शिरून बरेच दिवस झाले होते. खालच्या अंगाला शहर होतं आणि बांग चानची औद्योगिक वसाहत होती. तिकडे अजून पाणी पोचलं नव्हतं. वरच्या लोकांची मागणी एवढीच होती की दार आणखी उचला. शहर प्रशासन तयार होईना. शेवटी माणसं कुदळी-फावडी घेऊन आली आणि दाराच्या बाजूचा भराव फोडू लागली. मग सरकारनं दार उचलायला सांगितलं. लगेच दुसरी ओरड सुरू झाली, की आता कारखाने बुडणार. पुढचे काही दिवस पोलीस, अधिकारी आणि रहिवासी त्या एका दारापाशी भांडत राहिले.

त्याच सुमारास शहराच्या उत्तरेला, डॉन मुआंग विमानतळाच्या बाजूला, अडीच-अडीच टनांच्या वाळूच्या गोण्यांची भिंत रचली गेली होती. आतलं बँकॉक वाचावं म्हणून. भिंतीबाहेर अडकलेल्या लोकांनी तिथल्याही गोण्या ओढून वाट करून दिली.

त्या पुरात आठशेहून जास्त माणसं गेली. 77 पैकी 65 प्रांतांना झळ बसली. जागतिक बँकेच्या अंदाजानं नुकसान सुमारे 1 लाख 42 हजार कोटी बाटचं (बाट म्हणजे थायलंडचं चलन) होतं. आयुथया आणि पथुम थानीमधल्या सात औद्योगिक वसाहती बुडाल्या. त्या हिवाळ्यात आपल्याकडे कॉम्प्युटर घ्यायला गेलेल्यांना हार्ड डिस्कचे भाव एकाएकी चढलेले आठवत असतील, त्याचं कारण हेच. जगाला आठवतात त्या हार्ड डिस्क. मला मात्र ते दार सोडवत नाही, कारण थायलंडच्या पाण्याचा सगळा तंटा त्या दारात उभा आहे. पाणी कुणाच्या अंगणात थांबवायचं आणि कुणाच्या दारावरून वळवायचं, हे ठरवणारा एक असतो आणि सोसणारा दुसरा. सोसणाऱ्याला त्याचा मोबदला नाही आणि ठरवणाऱ्यांच्या बैठकीत वजनही नाही. तो देश वर्षानुवर्षं या प्रश्नाला धरणाचा, कालव्याचा, पंपाचा प्रश्न समजत आला. माझ्या मते तो आधी हिशेबाचा प्रश्न आहे, आणि हिशेब चुकलेला आहे.

जमिनीची ठेवण समजून घेतली की हे नीट दिसतं. उत्तरेच्या डोंगरांतून पिंग, वांग, योम आणि नान या चार नद्या खाली येतात. त्या नाखोन सावनला एकत्र होतात आणि तिथून चाओ फ्राया सुरू होते. (नाखोन सावन म्हणजे नगर-स्वर्ग, त्याच्या वरचं फित्सानुलोक म्हणजे विष्णुलोक. नावं कानाला ओळखीची वाटतात ती उगाच नाही.) या खोऱ्यात देशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा येतो. नाखोन सावनच्या खाली जमीन इतकी सपाट आहे की पाण्याला उतारच सापडत नाही. बँकॉक समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर उंच. पावसाळ्यात वरून आलेलं पाणी या ताटात पसरायचं, आठवडेच्या आठवडे उभं राहायचं आणि सावकाश समुद्राला मिळायचं. लोकांनी तसंच जगायला शिकून घेतलं होतं. घरं खांबांवर, दारात होडी, आणि पाण्याबरोबर उंच वाढत जाणाऱ्या भाताच्या जाती. थाई भाषेत नदीला ‘माए नाम’ म्हणतात. माए म्हणजे आई, नाम म्हणजे पाणी. आपण लोकमाता म्हणतो तसंच.

या ताटाला कालव्यांनी बांधायचं काम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जोरात सुरू झालं. रंगसितचे कालवे त्या काळातले. 1902 मध्ये होमान व्हॅन डर हैदे हा डच अभियंता आला. त्यानं चाइनाट या गावी चाओ फ्रायावर मोठा बंधारा घालून सगळ्या खालच्या खोऱ्याला पाणी द्यायची योजना मांडली. ती खर्चापायी बाजूला पडली. पुढं 1950 मध्ये जागतिक बँकेनं कर्ज दिलं आणि 1957 मध्ये चाइनाटचा चाओ फ्राया बंधारा पुरा झाला. मग वर पिंग नदीवर भूमिबोल धरण आलं, 1964 मध्ये. साठवण 13.46 अब्ज घनमीटर, म्हणजे आपल्या भाषेत सुमारे 475 टीएमसी, चार उजनी मावतील एवढी. नान नदीवर सिरिकित आलं. ही दोन्ही धरणं वीज महामंडळाची, कालवे पाटबंधारे खात्याचे, नळाचं पाणी तिसऱ्याचं, शहरातली दारं महापालिकेची. पाण्याशी संबंध असलेली सरकारी खाती तीसहून जास्त झाली. प्रत्येकाकडे आपापल्या दाराची किल्ली होती. सगळ्यांचा मिळून नकाशा कुणाकडेच नव्हता.

आता बांग बानला चला. आयुथया प्रांतातला हा तालुका, चाओ फ्रायाच्या काठचा. चाइनाटच्या बंधाऱ्यातून सेकंदाला 700-800 घनमीटरच्या वर पाणी सुटलं, म्हणजे सुमारे 25 हजार क्युसेकच्या पुढं, की बांधाच्या नदीकडच्या अंगाला असलेल्या इथल्या सखल वस्त्यांत पाणी चढायला लागतं. खरा पूर यायच्या कितीतरी आधी. सप्टेंबरात मोटरसायकली, कोंबड्या, भाताची पोती उंचावरच्या रस्त्याकडेला जातात. घराखालची होडी पुन्हा कामाला लागते. खांबांवर मागच्या वर्षांच्या पाण्याच्या रेषा दिसतात, एकावर एक. इथली माणसं पुराला भीत नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या त्यात वाढली आहेत. पण पूर्वी पाणी सगळ्यांच्या शेतात पसरायचं, त्यामुळे ते उथळ असायचं आणि आतापेक्षा लवकर ओसरायचं. आता चहूकडे रस्ते, बांध, वसाहतींच्या भिंती उभ्या आहेत. तेच पाणी थोड्यांच्या वाट्याला येतं, जास्त खोल येतं आणि जास्त दिवस राहतं. पाऊस आकाशातून पडतो हे खरं, पण तो बांग बानमध्ये इतके दिवस का थांबला याचं उत्तर आकाशात नाही.

सरकारनं या शेतांना नाव दिलं आहे, पाणी धरणारी शेतं. खालच्या चाओ फ्रायात अशी दहा-बारा मोठी शिवारं ठरलेली आहेत. वर फित्सानुलोकजवळ बांग राकाम आहे, योम नदीच्या काठी. तिथं 2017 पासून एक चांगला प्रयोग चालू आहे. शेतकऱ्यांना 1 एप्रिलपासून पाणी सोडतात, म्हणजे नेहमीपेक्षा महिनाभर आधी. भात लवकर लागतो, ऑगस्टच्या आत काढून होतो आणि मग मोकळ्या शिवारात पुराचं पाणी घेतात. पहिल्या वर्षी 2 लाख 65 हजार राय जमीन यात होती. एक राय म्हणजे आपले साधारण सोळा गुंठे. पुढच्या वर्षी ती 3 लाख 82 हजार रायपर्यंत गेली आणि साडेपाचशे दशलक्ष घनमीटर पाणी धरायची सोय झाली. सिमेंटची एक पाटीही न टाकता एक मध्यम धरण उभं राहिलं. शेत पाण्याखाली असतं तेव्हा लोक जाळी टाकून मासे धरतात आणि विकतात. मला हा प्रयोग मनापासून आवडतो. नदीचं वेळापत्रक बदलण्यापेक्षा पिकाचं बदललं, यात मोठं शहाणपण आहे.

पण याच प्रयोगात हिशेबाची चूक सगळ्यात उघडी दिसते. नुकसानभरपाईचे नियम बुडालेल्या पिकाभोवती बांधलेले आहेत. पीक उभं असताना बुडालं तर भरपाई. पीक आधी काढून घेतलं असेल तर नुकसान कुठं झालं, असा सवाल. म्हणजे ज्यानं सरकारचं ऐकून वेळेत कापणी केली आणि तीन महिने आपलं शेत बँकॉकसाठी रिकामं ठेवलं, त्याच्या हाती काही नाही. दुसरं पीक गेलं. पाणी नीट ओसरलं नाही तर पुढची पेरणी लांबते. बांध खचतात, रस्ते उखडतात, मुलांची शाळा बुडते. 2011 च्या पुरानंतर सरकारनं बुडालेल्या घरामागं 5000 बाट दिले. आपत्तीतली मदत म्हणून ठीक. पण दरवर्षी मागितली जाते ती सेवा आहे, आणि सेवेला मदत नसते, भाडं असतं.

भाडं म्हटलं की दुसरा गुंता येतो आणि तो टाळता येणार नाही. मध्य थायलंडमधले पुष्कळ शेतकरी दुसऱ्याची जमीन खंडानं कसतात. उद्या सरकारनं राय मोजून पैसे द्यायचे ठरवले तर ते सातबाऱ्यावरच्या मालकाला जातील, म्हणजे बहुधा शहरात राहणाऱ्याला. पाण्यात उभा राहणारा माणूस पुन्हा बाहेरच. आपल्याकडे अनुदानाच्या याद्या ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून पैसा द्यायचा तर त्या हंगामात जमीन कसणाऱ्याला, गावच्या यादीवरून, आणि पाणी सोडायच्या आधी.

इथवर पुराचं झालं. थायलंडमध्ये पुरासाठी जो शेतकरी पुढं केला जातो, दुष्काळातही तोच पुढं केला जातो. 2011 नंतर धरणं भरलेली ठेवायची सगळ्यांनी धास्ती घेतली. त्याच वेळी सरकारनं भाताला टनामागं 15 हजार बाटचा भाव बांधून दिला. शेतकऱ्यांनी अर्थातच जास्त भात लावला, उन्हाळी भात, ज्याला तिकडे ‘ना प्रांग’ म्हणतात, तोही भरपूर लावला. एक हात ‘लावा’ म्हणत होता आणि धरणातलं पाणी उतरत होतं. मग पाऊस कमी झाला. 2014-15 च्या हंगामात चाओ फ्राया खोऱ्याला उन्हाळी भात लावू नका असं सांगितलं गेलं. 2015 च्या पावसाळ्यात मुख्य पीकही लांबणीवर टाकायला सांगितलं आणि कालव्यांवरचे शेतीचे पंप बंद ठेवण्याचे आदेश निघाले. पथुम थानीच्या बाजूला कालव्यांतलं पाणी इतकं उतरलं की काठचे रस्ते आधार सुटून खचले.

राहिलेलं पाणी कुठं गेलं? बरंचसं नदीतून थेट खाली, समुद्राकडं. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्याला कारण आहे. बँकॉकच्या नळाचं पाणी प्रामुख्यानं पथुम थानीतल्या साम्ले इथून उचललं जातं. वरून प्रवाह कमी झाला की भरतीबरोबर समुद्राचं खारं पाणी नदीत वर चढतं आणि पार साम्लेपर्यंत पोचतं. 2020 च्या सुरुवातीला बँकॉकच्या नळाला खारट पाणी आलं होतं. ते खारं पाणी मागं लोटायचं तर धरणातून गोडं पाणी सोडत राहावं लागतं. म्हणजे वरच्या शेतकऱ्याच्या पिकाचं पाणी समुद्र थोपवण्यात खर्ची पडतं. शहरातल्या कोटभर माणसांना प्यायला पाणी हवंच, त्यावर वाद नाही. पण नळाच्या बिलात त्या न लावलेल्या भाताची किंमत कुठंच नाही.

यावर एक नेहमीचा आक्षेप असतो आणि तो हलका नाही. थायलंडच्या पाण्यातलं सत्तर टक्क्यांहून जास्त पाणी शेती वापरते. राष्ट्रीय उत्पन्नात तिचा वाटा दहा टक्क्यांहून कमी. पाणीपट्टी जवळजवळ नाही. कारखाना बुडाला तर लाखो नोकऱ्या जातात, शेत बुडालं तर एक हंगाम. मग शहाण्या सरकारनं शेतच बुडवायचं नाही का? मी म्हणेन, होय, बहुतेक वेळा शेतच बुडवावं. पाणी कुठंतरी जाणारच आहे आणि ते कारखान्याच्या यंत्रांवर जाण्यापेक्षा कापलेल्या शिवारात गेलेलं बरं. पण या युक्तिवादाचं दुसरं टोक त्याच लोकांनी धरायला हवं. शेत बुडवून शहराचे एवढे पैसे वाचत असतील, तर वाचलेल्यातला छोटासा भाग शेताला देणं शहराला सहज परवडतं. परवडत नाही असं म्हणायचं तर मग तेवढे पैसे वाचतच नव्हते. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. आणि त्या दहा टक्क्यांच्या आत देशातल्या कामकऱ्यांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा माणसं जगतात, हेही त्याच कागदावर लिहिलेलं असावं.

फुकट पाण्याचंही तसंच. सिंचनाखाली जमीन जेमतेम चौथा हिस्सा. बाकीचे, विशेषतः ईशान्येकडचे इसानचे शेतकरी, पावसाकडं डोळे लावून असतात. त्यांना फुकट पाणी मिळतं असं म्हणणं म्हणजे पाऊस फुकट पडतो असं म्हणणं. इसानला पाणी द्यायच्या नावावर जे झालं त्यानं उलट जखमा केल्या. मुन नदीवर 1994 मध्ये पाक मुन धरण झालं, 136 मेगावॉटचं. मेकाँगमधून चढून येणाऱ्या माशांची वाट अडली. माशांसाठी बांधलेली शिडी माशांना चढता येईना. मच्छीमार कुटुंबांनी वर्षानुवर्षं ठिय्या आंदोलन केलं, बँकॉकपर्यंत मोर्चे नेले. 2001 मध्ये वर्षभरासाठी दारं उघडली तेव्हा मासे परत आले, आणि गावकऱ्यांनी स्वतः माशांच्या जाती, डोह, जाळी यांची नोंद केली. अभ्यास करणाऱ्या विद्यापीठानं दारं उघडी ठेवा असं सुचवलं. सरकारनं वर्षातले चार महिने उघडायचं ठरवलं. पुन्हा तेच दार आणि तीच किल्ली.

योम नदीचं उदाहरण मला जास्त अवघड वाटतं, कारण तिथं दोन्ही बाजूंना गावंच आहेत. चार नद्यांपैकी योमवर मोठं धरण नाही. केंग सुआ तेन धरणाचा प्रस्ताव काही दशकं फिरतो आहे. त्यात फ्रे प्रांतातलं सा-इआप गाव आणि सोनेरी सागाचं जंगल जाईल, म्हणून गावानं ते अडवून धरलं आहे. खाली पूर आला की दरवेळी कुणीतरी नेता सा-इआपकडं बोट दाखवतो. मी सा-इआपच्या बाजूचा आहे. पण बांग राकामची शेतं त्याच योमचं पाणी झेलतात, म्हणजे वरच्या गावाच्या जंगलाची राखणही एका अर्थानं खालचं गाव करतं, हे मान्य केल्याशिवाय ती बाजू पुरी होत नाही.

2018 मध्ये थायलंडनं पहिल्यांदा सगळ्या पाण्याचा एक कायदा केला. त्याच्या आदल्या वर्षी राष्ट्रीय जलसंपदा कार्यालय उभं राहिलं होतं. कायद्यानं पाण्याचे तीन वापर ठरवले. घरासाठी आणि पोटापुरत्या शेतीसाठी परवाना नाही, शुल्क नाही. उद्योग, पर्यटन, वीज, नळयोजना यांना परवाना. फार मोठ्या वापराला वेगळी परवानगी. मोठ्या शेतीवर पट्टी बसणार अशी बातमी फुटली तेव्हा गदारोळ झाला होता आणि सरकारला मागं यावं लागलं होतं. खोरेनिहाय समित्याही आल्या, 22 खोऱ्यांच्या, आणि त्यांत पाणी वापरणाऱ्यांचे प्रतिनिधी आहेत. हे पाऊल मोठं आहे. पण पाणी ‘वापरणारा’ आणि पाणी ‘सोसणारा’ हे दोन वेगळे. कायद्यात पहिल्याला नाव आहे. पूर झेलणाऱ्या शेताला पाण्याच्या व्यवहारातला भागीदार मानून त्याचा दर ठरवायला हवा होता, तो ठरला नाही. आणि पुराच्या ऐन वेळी दारं चालतात ती वरून आलेल्या आदेशानं, समितीच्या ठरावानं नाही.

हे जमणारच नाही, शेतकरी एकमेकांचं पाणी चोरतात, असं म्हणणाऱ्यांनी उत्तर थायलंडची ‘मुआंग फाय’ पाहावी. फाय म्हणजे बांबूच्या मेढी आणि दगडांचा बंधारा, मुआंग म्हणजे पाट. चिआंग माईच्या मंगराय राजाच्या नावानं चालत आलेल्या जुन्या कायद्यात या बंधाऱ्यांबद्दलची कलमं आहेत. पाटाच्या तोंडाशी लाकडाचा ओंडका बसवतात, त्याला खाचा पाडलेल्या असतात. ज्याची जमीन जेवढी, तेवढी खाचेची रुंदी, आणि तेवढंच त्यानं दरवर्षी बंधारा दुरुस्तीला द्यायचं श्रम. मुखिया गावानं निवडायचा. आपल्याकडे धुळे-नाशिकमधल्या पांझरा, मोसम, आरम काठची, पाणी वाटून घेण्याची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे परकं वाटणार नाही. फडात शेतकऱ्याचा तुकडा वरच्या फडातही असतो आणि शेपटाकडच्या फडातही. पाणी कमी पडलं तर प्रत्येकाचं थोडं थोडं वाळतं. पाटाच्या तोंडाचा (हेडचा) तृप्त आणि शेपटाचा (टेलचा) एकटाच मेला, असं होत नाही. कुणा एकाच्या शहाणपणावर हे चालत नव्हतं. वाटणीची रचनाच अशी होती की पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यालाही पक्षपात करणं अवघड जावं.

चाओ फ्रायाच्या खोऱ्यात प्रत्येकाला वर-खाली दोन तुकडे देता येणार नाहीत. पैशानं मात्र तेच करता येतं. संरक्षित भागातल्या मालमत्तांवर, औद्योगिक वसाहतींवर आणि नळाच्या बिलावर एक छोटी आकारणी बसवली आणि ती पाणी धरणाऱ्या शिवारांना दरवर्षी दिली, तर बँकॉकच्या माणसाचाही एक तुकडा बांग बानमध्ये पडेल. मग बांग बानमध्ये पाणी किती दिवस राहिलं हे त्यालाही मोजावंसं वाटेल. तेव्हाच्या पंतप्रधान यिंगलक यांच्या सरकारनं 2011 नंतर 350 अब्ज बाटची पूरनियंत्रणाची कामं आखली होती. लोकांना विचारलंच नाही म्हणून 2013 मध्ये प्रशासकीय न्यायालयानं त्यांना आधी जनसुनावणी घ्यायला लावली, आणि पुढं 2014 च्या लष्करी बंडानंतर ती योजनाच गेली. तेवढा पैसा काँक्रीटसाठी निघू शकत होता. भाड्यासाठी त्याचा अंशही पुरला असता.

आता आयुथयाला वळसा घालून जाणारा बांग बान ते बांग साय हा 22.5 किलोमीटरचा कालवा खोदला जातो आहे, सेकंदाला 1200 घनमीटर पाणी नेणारा. त्याची जमीनही याच भागातली. त्याच्या तोंडाशी दार असेल. ते कोणत्या पातळीला उघडायचं आणि कोणत्या पातळीपर्यंत शिवारात पाणी राहू द्यायचं, हे पावसाळ्याआधी कागदावर यावं. ज्या बैठकीत ते ठरेल तिथं खंडानं शेत कसणाऱ्याला मताची जागा असावी. आणि शिवारात पाणी घ्यायच्या दिवशी त्याचं भाडं त्याच्या खात्यात आधीच जमा झालेलं असावं.